हजेरीपुस्तकात नाव नाही

(पिंपरी-चिंचवडमधल्या कामगार वस्त्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्या-मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

शिबिराच्या कागदावर माझ्या नावापुढे ‘ब्लूज गाणाऱ्या काळ्या स्त्रिया’ असा विषय आहे. तुमच्या अभ्यासगटाने अँजेला डेव्हिस यांचं १९९८ सालचं पुस्तक वाचायला घेतलं, त्यातून हा विषय निघाला असं मला कळलं. पुस्तक मी वाचलं. माझ्या भाच्याने गाणी मिळवून दिली, ती ऐकली. पण ऐकताना मला सारखी आमच्या गावच्या यात्रेतली ढोलकी आठवत होती. तेव्हा मी अमेरिकेला जाऊन येईन, पण निघेन चाकणहून. चालेल ना?

माझं माहेर खेड तालुक्यातलं. मी लहान होते तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. कारखाने होते ते पिंपरी-भोसरीकडे, आणि माझे वडील त्यातल्याच एकात पाळीवर जात. चैत्रात गावची यात्रा. पाडव्याच्या सुमाराला गावची चार माणसं नारायणगावला जायची. तिथे हमरस्त्याकडेला फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असत, अजूनही लागतात. त्यात बसून सुपारी ठरायची. मग यात्रेच्या दिवशी दुपारी ट्रक यायचे, आणि रात्री गावातले सगळे पुरुष तमाशाला. बायकांनी जायचं नाही. आम्ही ओट्यावर बसून ऐकायचो. आई, काकू, आजी, कुणी झोपलेलं नसायचं. गण झाला, गवळण सुरू झाली की आजीचे ओठ हलायला लागायचे. जन्मात कधी तमाशाला न गेलेल्या माझ्या आजीला गवळणी पाठ होत्या.

रात्रभर खेळ झाला तरी सकाळी ‘हजेरी’ असायची. तुमच्यातल्या शहरात वाढलेल्यांना सांगते, यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कुस्त्यांच्या फडाआधी, त्याच कलावंतांनी पुन्हा उभं राहून गावापुढे नाचायचं-गायचं, त्याला हजेरी म्हणतात. एका वर्षी हजेरीआधी त्यातल्या दोघी आमच्या दारात पाणी मागायला आल्या. तोंडाचा रंग पुरता निघालेला नव्हता, पाय सुजलेले. आजी तांब्या घेऊन बाहेर आली आणि तिने त्यांना ओंजळ धरायला लावून वरून पाणी ओतलं. रात्री हिच्याच गवळणीवर आजीचे ओठ हलत होते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. त्यातली धाकटी माझ्याकडे बघून हसली. मी हसले नाही.

आता अमेरिका. ब्लूज म्हणजे गुलामीतून सुटलेल्या, पण कापसाच्या शेतातून आणि मालकाच्या चुलीपासून न सुटलेल्या काळ्या लोकांचं गाणं. आज ब्लूज म्हटलं की गिटार घेतलेला एकटा पुरुष डोळ्यापुढे येतो. पण हे गाणं तबकडीवर आधी आणलं आणि देशभर पोचवलं ते बायकांनी. १९२० साली मेमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ म्हटलं, ती तबकडी तुफान खपली, आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की काळे लोकही पैसे देऊन तबकड्या घेतात. मग मा रेनी, बेसी स्मिथ आणि इतर कितीजणी. गिटारवाले पुरुष मागाहून आले, आणि खरा ब्लूज तो हाच असं इतिहास लिहिणाऱ्यांनी ठरवून टाकलं.

पण या बायकांची भाकरी तबकडीवर नव्हती. बेसी स्मिथला गाण्यामागे ठरलेली रक्कम मिळे, खपातला वाटा नाही. खरी कमाई होती ती तंबूत. हो, तंबूतच! दक्षिणेतल्या गावोगाव तंबू ठोकायचा, खेळ करायचा, तंबू उतरवायचा, पुढचं गाव. मा रेनीची सगळी उमेद अशा तंबूच्या खेळांत गेली. काळ्या माणसाला हॉटेलात खोली मिळत नसे, म्हणून बेसीने पैसा आल्यावर स्वतःचा रेल्वेचा डबा करून घेतला, सगळी मंडळी त्यातच राहायची. १९२७ साली काँकर्ड नावाच्या गावात गोऱ्यांच्या कू क्लक्स क्लॅन या टोळीचे बुरखेधारी तिच्या तंबूचे खुंट उपटायला आले. सांगतात की ती कमरेवर हात ठेवून त्यांना सामोरी गेली आणि शिव्या देऊन तिने त्यांना पळवलं. १९३७ साली मिसिसिपीत रात्रीच्या रस्त्यावर मोटारीच्या अपघातात ती गेली. तेहतीस वर्षं तिच्या कबरीवर दगड नव्हता. १९७० साली तो बसवला, त्याचा खर्च दिला जॅनिस जॉप्लिन या गायिकेने आणि लहानपणी बेसीच्या घरी कामाला असलेल्या हुआनिटा ग्रीन या बाईने.

हे वाचत होते तेव्हा पुस्तक खाली ठेवून मी स्वतःशी म्हटलं, अगं, ही तर आपली विठाबाई.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५, पंढरपूरचा. बाप आणि चुलता, भाऊ-बापूंचा फड, तमाशा घराण्यातच. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान. २००२ च्या जानेवारीत गेल्या. शेवटची वर्षं पैशाच्या ओढगस्तीत. २००६ पासून त्यांच्या नावाने राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. ही हकीकत थोडक्यात सांगितली, कारण तुम्हा सगळ्यांना त्यांची एकच गोष्ट माहीत आहे आणि मला तिच्याबद्दलच बोलायचं आहे.

दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. कळा सुरू झाल्या. पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, आणि पुन्हा चाळ बांधून बोर्डावर आल्या. पोट दिसेना म्हणून प्रेक्षकांनी विचारलं, तेव्हा कळलं, आणि लोकांनीच हात जोडून खेळ थांबवला.

ही गोष्ट मी पहिल्यांदा एका व्याख्यानमालेत ऐकली. वक्ते म्हणाले, ‘केवढी ही कलेवरची निष्ठा!’ सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या, कशाला खोटं सांगू. त्यानंतर काही वर्षांनी आपल्या कामाच्या निमित्ताने मी एका कारखान्याच्या गेटवर उभी होते. कंत्राटी पोरगी, तारांचे जुडगे बांधणाऱ्या विभागातली, सातवा महिना. ठेकेदाराने तिला सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलेलं. ती रडत नव्हती. ती म्हणत होती, ‘ताई, मी शेवटच्या दिवसापर्यंत उभी राहते म्हटलं, तरी नको म्हणतात.’ शेवटच्या दिवसापर्यंत उभी राहते! तेव्हा मला विठाबाई आठवल्या आणि माझ्या त्या टाळ्यांची लाज वाटली. निष्ठा असेलच. त्यांच्या कलेबद्दल शंका घेणारी मी कोण? पण नवव्या महिन्यात बाई बोर्डावर का होती, हे त्या सभागृहात कुणी विचारलं नाही. सुपारी घेतलेली असते, पन्नास-साठ माणसांचं पोट त्या रात्रीवर असतं, आणि जिच्या नावावर तिकीट खपतं तिला रजा नसते.

कायदा काय म्हणतो बघा. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आपण कारखान्यांच्या संदर्भात इतका वापरला, पण त्यातलं एक कलम माझ्या नजरेतून वर्षानुवर्षं निसटलं होतं. १९७३ च्या दुरुस्तीने तो कायदा अशा आस्थापनांनाही लागू केला होता, जिथे घोड्यावरचे, कसरतीचे ‘आणि इतर’ खेळ करून दाखवायला माणसं कामाला ठेवतात. सर्कशीतल्या बाया डोळ्यापुढे असणार. पण ‘इतर खेळ’ म्हणजे काय? रात्री दहा ते पहाटेपर्यंत तमाशात चालतो तो खेळच ना? आपले लोकही त्याला खेळच म्हणतात. बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम भरलं की लाभ मिळायचा. दसऱ्याला फड बाहेर पडतात ते वैशाखापर्यंत हिंडतात, म्हणजे ऐंशी दिवस कधीच मागे पडले. २०१७ मध्ये बारा आठवड्यांची रजा सव्वीस झाली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तो सगळा कायदा सामावला गेला. या एवढ्या काळात आपल्यापैकी कुणी एखाद्या फडातल्या बाईसाठी त्या कलमावर बोट ठेवलं का? मी तरी नाही ठेवलं.

आणि फडमालकच खलनायक, असं चित्र काढायचं असेल तर सोपं आहे. पण मालकही सावकाराच्या तोंडाकडे बघत असतो. ट्रक, राहुटी, वीज, सामान, सगळं उसनवारीवर. पावसाळ्यात खेळ नसतात. तेव्हा कलावंत मालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर ती फेडत नाचतात. फिटते न फिटते तोवर पुढचा पावसाळा. वीटभट्टीवरची आणि ऊसतोडीची उचल आपल्याला माहीत आहे. ही त्याच जातीची, फक्त हिला नऊवारी नेसवलेली. रात्री दहानंतर कर्णे बंद या नियमाने खेळ आखडला, तो आणखी वेगळा मार. (शांतता मलाही हवी असते. पण डीजेच्या भिंती उभ्या करणाऱ्यांना सूट आणि ढोलकीला नियम, असं दिसतं तेव्हा चीड येते.)

बायकांनी फड चालवलेही. विठाबाईंनी चालवला. कांताबाई सातारकर तुकाराम खेडकरांच्या फडात शिवाजीची, पुरुषाची कामं करत. खेडकर गेल्यावर त्यांनी स्वतःचा फड उभा केला. २०२१ मध्ये त्या गेल्या. आणि संगीत बारी तर बायकांचीच: मोठा फड नाही, वग नाही, बाई गाते, नाचते, मालकीण तीच. यमुनाबाई वाईकर लहानपणी आईबरोबर रस्त्यावर गायल्या आणि २०१२ साली पद्मश्री झाल्या. पण मालकीण म्हणजे मोकळी, असं समजू नका. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली आलं. आपल्यापैकी कितीजणींनी ते एका बैठकीत वाचलं आणि झोप उडाली. नाचणाऱ्या बहिणीच्या कमाईवर अख्खं घर बसून खातं, भाऊ सुद्धा, आणि तिचं लग्न मात्र कधी होत नाही.

आता एक फरक सांगते, तो मला महत्त्वाचा वाटतो. मा रेनी आणि बेसी स्मिथ यांनी आपली बरीच गाणी स्वतः रचली. नवऱ्याने मारलं, मी सोडून चालले, मला अमका आवडतो, मला हवं तसं मी राहीन, हे त्या स्वतःच्या तोंडाने म्हणत होत्या, आणि समोर बसलेल्या मोलकरणी, धोबिणी, शेतमजुरणी ते ऐकत होत्या. आपल्याकडे लावणीतली ‘मी’ बाई आहे, पण लिहिणारा बहुतेक पुरुष. राम जोशी, होनाजी बाळा, पठ्ठे बापूराव. बापूराव (१८६६–१९४५) कुलकर्णी, ब्राह्मण. त्यांच्या लावण्या ज्या गळ्याने महाराष्ट्रभर नेल्या ती पवळा हिवरगावची, महार. शाळेच्या पुस्तकात कुणाचं नाव आधी येतं ते सांगायला नको. आणि समोर बसलेले? पुरुष.

मग आपल्या बायकांचं स्वतःचं बोलणं कुठे गेलं? ते जात्यावर होतं. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी इथेच, मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या गावांपासून सुरुवात करून, जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तो साठा एक लाखाच्या पुढे गेला. सासर, नवरा, भूक, आई, बाबासाहेब, सगळं त्यात आहे. जातं दळणाऱ्या बाईला शब्द होते पण बोर्ड नव्हता. बोर्डावरच्या बाईला शब्द दुसऱ्याचे. ओट्यावर बसून दुसऱ्या बाईची गवळण ओठातल्या ओठात म्हणणारी माझी आजी या दोघींच्या मधे कुठेतरी होती, असं मला वाटतं.

तुम्ही म्हणाल, आता तर काळ बदलला. बदलला ना. आता चिंचवडच्या मोरे प्रेक्षागृहात ‘फक्त महिलांसाठी’ लावणी होते. संक्रांतीच्या सुमाराला कुठले ना कुठले भाऊ हळदीकुंकवाच्या नावाने असे खेळ लावतात. मी अशाच एका कार्यक्रमाला घरगुती हिंसाचाराची पत्रकं वाटायला गेले होते. प्रेक्षागृह कुठलं ते राहू द्या. मैत्रिणींनो, काय सांगू! पन्नाशीच्या बाया खुर्चीवर उभ्या राहून शिट्ट्या मारत होत्या. पदर खोचून नाचत होत्या. ज्या ओट्यावर बसून ऐकायच्या त्यांच्या लेकी-सुना या. मला फार बरं वाटलं. मग मध्यंतरात हळदीकुंकू सुरू झालं, रांग लागली, वाण म्हणून स्टीलचे डबे. विंगेत ती नाचणारी बसली होती. चाळ सोडत नव्हती, कारण पुन्हा जायचं होतं. टॉवेलने मान पुसत ती त्या रांगेकडे बघत होती. तिच्यापर्यंत करंडा घेऊन कुणी गेलं नाही. आमच्या संघटनेने हळदीकुंकू कधीच सोडलं, विधवांना वगळणारा सण म्हणून आपण त्याविरुद्ध बोलतो. म्हणून मी हाताची घडी घालून उभी होते. तत्त्वाने. पण तिच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलायला कुठलं तत्त्व आड येत होतं? पत्रकसुद्धा मी तिला दिलं नाही. ते प्रेक्षकांसाठी आणलं होतं.

२००५ साली डान्स बारवर बंदी आली तेव्हा आपल्या चळवळीत दोन तट पडले. मुंबईतल्या काही संघटना बारमध्ये नाचणाऱ्या बायकांच्या बाजूने उभ्या राहिल्या, त्यांच्या रोजगाराचा प्रश्न त्यांनी धरला. मी इथे बंदीच्या बाजूच्या निवेदनावर सही केली होती. बाईचं प्रदर्शन थांबलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात. तारांकित हॉटेलांना त्या बंदीतून सूट होती, हे मी वाचलंच नव्हतं. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती तेव्हाही भाषा अश्लीलतेचीच होती आणि उपाशी राहिले ते मांग, महार, कोल्हाटी कलावंत. आज मी ती सही केली नसती.

आता जिच्यासाठी मी आज इथे आले तिच्याकडे येते. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता. देशभर टाळेबंदीचा तो पहिला दिवस. म्हणजे राहुट्यांत वर्षाची बोली व्हायची नेमकी त्याच वेळी सगळं बंद. पुढच्या वर्षीही तेच. त्या काळात आपण चाकणच्या खोल्यांमधून शिधा वाटत होतो. एका चाळीत एक बाई भेटली, साठीच्या आतबाहेरची. तिचं नाव सांगत नाही, तिनेच नको म्हटलं आहे. बावीस वर्षं तीन फडांत नाचली. गुडघे गेल्यावर मुलीकडे आली. मुलगी कंपनीच्या कँटीनमध्ये भाकऱ्या करते. शिधा घेतला आणि म्हणाली, ‘ताई, हे झालं. माझं एक काम करता का?’ ट्रंकेतून तिने हँडबिलं काढली, यात्रांची, पिवळी पडलेली. त्यावर फडाचं नाव, मालकाचं नाव, सोंगाड्याचं नाव, दोन ठळक नर्तिकांची नावं. आणि खाली, ‘सोबत दहा नृत्यतारका’. तिने त्या दहावर बोट ठेवलं. ‘यात मी आहे.’

तिला वृद्ध कलावंतांचं मानधन हवं होतं. ती योजना जुनी आहे, पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांसाठी. २०२४ पासून महिना पाच हजार रुपये झाले. पण अर्जाला पुरावा लागतो: कात्रणं, प्रमाणपत्रं, कार्यक्रमांचे कागद. एक मालक वारलेला, एकाचा फड मोडलेला, तिसऱ्याच्या मुलाने फोन उचलला आणि म्हणाला, ‘अशा लई होत्या.’ रोज सकाळी हजेरीला उभी राहिलेली बाई, आणि तिची हजेरी कुठल्याच पुस्तकात नाही. तिची उचल मात्र लिहिलेली होती. मालकाच्या वहीत, नावासकट, अंगठ्यासकट. ती वही मिळाली असती तर पुरावा झाला असता, हे तिनेच मला सांगितलं.

तिचा अर्ज आम्ही भरला आहे. तिच्याबरोबर नाचलेल्या चौघी आणि एक ढोलकीवाला शोधून प्रतिज्ञापत्रं जोडली. अजून मंजूर नाही. पण त्या चौघींचेही अर्ज नाहीत, आणि त्या चौघींनी आणखी अकरा नावं सांगितली. चाकण, आळंदी, मोशी, भोसरी, एक तर इथे मागच्या गल्लीत राहते.

म्हणून मला आज टाळ्या नकोत. पाडव्याच्या आधीच्या रविवारी मी नारायणगावला जाणार आहे. राहुट्या लागलेल्या असतात, मालक जागेवर भेटतात, म्हातारे कलावंतही येऊन बसतात. प्रत्येक राहुटीत जुन्या वह्या मागायच्या, कुणाच्या फडात कुठल्या सालापासून कोण होतं ते लिहून घ्यायचं, तिथल्या तिथे सही घ्यायची. मला पाचजणी हव्यात. अक्षर बरं असलेल्या दोघी तरी. नाशिक फाट्यावर सकाळी साडेसहाला भेटू, चाकणच्या कोंडीत अडकलो नाही तर नऊच्या आत पोचतो. भाकरी आपापली आणा. शंभर पानी दोन वह्या आणि शाईचं पॅड मी घेते.